क्रोशाचं अंगण

मागच्या फेब्रुवारीत असुंताआत्यांच्या मांडीवर काँक्रीटचा तुकडा येऊन पडला, तिथून सगळं सुरू झालं.

तो आमचा सॉसचा दिवस होता. मेलबर्नच्या थॉमसटाउनमध्ये ऐन उन्हाळ्यातला फेब्रुवारी आला की माझ्या इटालियन सासरी मागच्या अंगणात टोमॅटोचे खोके येऊन पडतात आणि एका रविवारी सगळं गणगोत जमून वर्षभराचा सॉस करून टाकतं. भरलेल्या बाटल्या चिंध्यांत गुंडाळून लोखंडी पिंपात रचायच्या, वर पाणी ओतायचं आणि पिंपाखाली लाकडं पेटवायची. पिंपाची जागा ठरलेली. माझा नवरा डॅमियन जन्मला नव्हता तेव्हापासून तीच. इतकी वर्षं तापून तापून खालच्या कोब्याला चिरा गेल्या होत्या, पोपडे सुटले होते, आणि त्या दिवशी त्याचा धीर संपला. फटाक्यासारखा आवाज झाला आणि एक तुकडा हवेतून गिरकी घेत आत्यांच्या मांडीवर. मांडीत टोमॅटोची परात होती म्हणून आत्या वाचल्या. टोमॅटो गेले.

"कोझिमो," आत्या आपल्या भावाला म्हणाल्या, "तुझ्याकडे सॉसला यायचं तर आता हेल्मेट घालून यावं लागेल. पुढच्या वर्षी माझ्याकडेच करू या."

सगळे हसले. माझ्या सासूबाई, फिलोमेना, हसल्या नाहीत.

त्यांना हसू का आलं नाही ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. नाताळच्या आदल्या रात्रीचं माशांचं जेवण पूर्वी आमच्याकडे व्हायचं. एका वर्षी आमच्या स्वयंपाकघराचा नळ तुंबला म्हणून ते आत्यांकडे झालं, फक्त त्या वर्षापुरतं. ते अजून परत आलेलं नाही. "माझ्याच हातच्या पद्धतीचा मासा ती मला वाढते," सासूबाई म्हणतात, "आणि वर विचारते, आवडला का ग?" आता सॉसही गेला तर सासूबाईंच्या हातात काय उरणार? ईस्टर. आणि ईस्टरला कोणी धड येत नाही.

सासऱ्यांना आम्ही पापा म्हणतो. त्यांनी जन्मभर काँक्रीटचंच काम केलं. त्यांच्यासोबत गाडीतून जाताना गप्पा मारता येत नाहीत; ते खिडकीतून लोकांच्या दारापुढचे रस्ते मोजत असतात. "हा माझा. हा माझा. हा माझा नाही, बघ कसा फुटलाय." अशा माणसाच्या स्वतःच्या अंगणातला कोबा फुटावा! पापांनी त्यावर एकच उपाय केला. तिकडे बघणं सोडलं. आधी त्या जागेवर कण्हेरीची कुंडी आली, मग कुंडीशेजारी चटई आली. मी एकदा चटई उचलून, "पापा, इथे तर पार..." म्हणाले, तर ते म्हणाले, "फुटलेलं नाही ते. काँक्रीट श्वास घेतं."

माझी लेक मेना तेव्हा माझ्या पोटात होती. पुढच्या जानेवारीत ती रांगायला लागली आणि त्या श्वास घेणाऱ्या काँक्रीटवर तिचे गुडघे रोज सोलवटून निघायला लागले. मी ते रोज रात्री फुंकर घालून पुसायची आणि पापांना दिसतील असे त्यांच्यापुढे धरायची. पापा गुडघ्यांचा मुका घ्यायचे आणि बागेत निघून जायचे.

मग आत्यांचा फोन आला. त्यांनी गॅसची नवी शेगडी घेतली होती. पिंपही नवं, चकचकीत. "फिलोमेना, तू आता दमतेस ना ग. या वर्षी नुसती येऊन बस."

सासूबाईंनी फोन ठेवला, अंगणात गेल्या, चटई उचलून कुंपणावर टाकली, कण्हेरीची कुंडी एकटीने ढकलत ढकलत बाजूला केली आणि भाजीच्या वाफ्यात लपलेल्या पापांना हाक मारली.

"कोझिमो! सॉसच्या आधी हे नीट झालं पाहिजे. नाही झालं तर मी असुंताकडे जाईन आणि तिथेच राहीन."

"तिच्याकडे? अगं, दोन दिवसांत वेड लागेल तुला!"

"मग विचार कर, मी काय करायला निघालेय."

पापांनी विचार केला. अडचण अशी होती की पापांचे दोन्ही गुडघे गेल्या हिवाळ्यात बदललेले. नवे गुडघे टेकायचे नाहीत अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. चर्चमध्येसुद्धा ते बसूनच प्रार्थना करतात. आणि डॅमियन विम्याच्या कचेरीत काम करतो. त्याने आधी सुचवलं की सगळ्यावरून हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरू.

"मी मेल्यावर माझ्यावर अंथर," पापा म्हणाले.

मग डॅमियनने दोन संध्याकाळी व्हिडिओ बघितले आणि जाहीर केलं की सगळा कोबा उखडायची गरज नाही. सुटलेलं तेवढं काढायचं, धुवायचं, सिमेंटचं पातळ पाणी फिरवायचं आणि वरून नवा थर द्यायचा.

"हे तुला त्या फोनमधल्या पोराने सांगितलं?"

"हो."

"बरोबर सांगितलंय," पापा नाराजीने म्हणाले.

सॉसच्या आदल्या आठवड्यातल्या शनिवारी काम काढलं. पापा खुर्चीत, अंजिराच्या सावलीत. डॅमियन छिन्नी-हातोडा घेऊन जमिनीवर. मेना तिच्या जाळीच्या कुंपणात, डोक्यावर टोपी, टोपी खाली, टोपी डोक्यावर. आणि पलीकडच्या कुंपणावरून लेफ्तेरी. लेफ्तेरी आमचे ग्रीक शेजारी, पूर्वी तळलेल्या माशांचं दुकान चालवायचे. त्यांच्या घेवड्याच्या वेलांत एक खोका पालथा घातलेला आहे, त्यावर ते उभे राहतात आणि आमच्या अंगणात जे काही चालेल त्यावर मत देतात.

"वाजवून बघ!" लेफ्तेरी म्हणाले. "पोकळ वाजतं ते काढ!"

डॅमियनने वाजवलं. पोकळ वाजलं. काढलं. शेजारी वाजवलं. तेही पोकळ. प्रत्येक घावाला पापा खुर्चीत आखडायचे. "हळू! दात उपटतोयस का? कोण शिकवतं तुम्हाला!" पण जे सुटलं होतं ते सुटलंच होतं. पिंपाएवढी जागा म्हणता म्हणता टेबलाएवढी झाली, टेबलाएवढी म्हणता म्हणता त्याच्याही पुढे गेली. सासूबाई कॉफी घेऊन बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या.

"डबलबेडएवढं भगदाड पाडलंत!"

"आता खाली घट्ट लागलं, मा," डॅमियन घाम पुसत म्हणाला.

"लागणारच. पलीकडे लेफ्तेरीचं घर लागलं."

माल कालवताना खरी गंमत झाली. डॅमियन पिशवीवर छापलेलं वाचून पाणी मोजून ओतत होता. पापांना माल हातात घेऊन, मुठीत दाबून, मूठ उघडून बघायची सवय. एक म्हणायचा झालं, दुसरा म्हणायचा नाही झालं, आणि कुंपणावरून लेफ्तेरी म्हणायचे, "पाणी घाला!"

"लेफ्तेरी," पापा ओरडले, "तू जन्मभर मासे तळलेस!"

"मग? पीठ मीच भिजवायचो!"

शेवटी पाणी पिशवीवरच्यापेक्षा थोडं जास्त आणि पापांच्या मनातल्यापेक्षा थोडं कमी पडलं. दोघंही नाराज झाले, म्हणजे माल बहुधा बरोबर असावा.

आणि तेवढ्यात वारा फिरला.

मेलबर्नमध्ये राहणाऱ्याला उत्तरेचा वारा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. भट्टीचं दार उघडल्यासारखा तो येतो आणि दोरीवरचे कपडे तुम्ही चिमटे शोधेपर्यंत वाळतात. सकाळी रेडिओवर सौम्य दिवस सांगितला होता. मी म्हटलं, "पापा, थांबू या का?" पण माल कालवलेला होता. कालवलेला माल थांबत नाही. आणि पुढच्या रविवारपर्यंत कोबा मुरायला आठवडाही हवा होता.

डॅमियन माल पसरत गेला, पट्टीने ओढत गेला. वाईट नव्हता पसरला त्याने. पण थापी फिरवायची वेळ आली आणि त्याच्या हाताखाली लाटा उठायला लागल्या. एक लाट दाबली की शेजारी दुसरी. पापा खुर्चीच्या कडेला आले. मग खुर्चीच्या पुढे आले. मग खुर्ची रिकामी दिसली.

"पापा! गुडघे!"

"गुडघे माझे आहेत. पैसे विम्याने दिलेत, पण माझे आहेत."

उशीच्या तुकड्यावर दोन्ही नवे गुडघे टेकवून त्यांनी थापी हातात घेतली. खरं सांगते, मी मेनाला कडेवर घेऊन बघतच राहिले. हात अर्धवर्तुळात फिरत होता, मागे आरशासारखा कोबा पडत होता, आणि पापा मागे मागे सरकत होते, मागे मागे, थेट अंजिराच्या बुंध्याला टेकेपर्यंत. काम संपलं. पापांनी थापी बाजूला ठेवली, उठायला गेले, आणि उठलेच नाहीत.

मागे झाड. एका बाजूला कुंपण. पुढे डबलबेडएवढा ओला कोबा. आणि मध्ये माझे सासरे, चार पायांवर.

"मदत करू?" डॅमियन म्हणाला.

"कोब्यावर पाय ठेवलास तर जीव घेईन. मला राहू दे. तिकडे बघ!"

आम्ही बघितलं. उन्हाच्या बाजूने आरशावर केसासारखी एक रेघ उमटली होती. बघता बघता तिच्या शेजारी दुसरी.

"वाळतोय फार लवकर! गोणपाट आणा! ओली करून टाका वरून! शेडमधली गोणपाटं!"

कोणी हललं नाही. मी डॅमियनकडे बघितलं. डॅमियन जमिनीकडे बघत होता.

"ती... मागच्या महिन्यात मी रस्त्यावर ठेवली. कचऱ्याची गाडी येणार होती ना."

पापांनी त्या अवस्थेत, चार पायांवरून, मान वर करून आभाळाकडे बघितलं. मग जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. मेना मोठी होऊन वाचेल.

मी आत पळाले. मेनाची दुपटी आणली, चार टॉवेल आणले. टॉवेल मी ओले करेपर्यंत वाऱ्याने ते उडवून लेफ्तेरींच्या घेवड्यात टाकले. दुपटी तर रुमालासारखी दिसायला लागली त्या भगदाडापुढे. रेघा वाढत होत्या. सासूबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं: आत्यांची नवी शेगडी, चकचकीत पिंप, आणि "आवडला का ग?"

त्या वळल्या आणि आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर पांढरं काहीतरी होतं. डांबरगोळ्यांचा वास आला आणि डॅमियनच्या तोंडून "मा" एवढंच निघालं.

ती सासूबाईंच्या रुखवतातली चादर होती. इटलीत, कालाब्रियातल्या गावात त्यांच्या आईने क्रोशाने विणलेली, लेक पाळण्यात होती तेव्हापासून लेकीचं लग्न ठरेपर्यंत. गुलाब, द्राक्षांचे घड, चहूकडून गोंडे. ट्रंकेत बसून ती बोटीने इथे आली आणि ट्रंकेतच राहिली. वर्षातून एकदा पडदे ओढून तिला वारा द्यायचा, परत घडी. चांगल्या प्रसंगासाठी ठेवलेली. माझ्या लग्नात निघाली नाही, मेनाच्या बाप्तिस्म्यालाही नाही. एकदा बिशप येणार होते तेव्हा पलंगावर घालायचं ठरलं होतं, पण बिशप आले नाहीत, हाताखालचे पाद्री आले.

"फिलोमेना, नको," पापा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"बाजूला हो, कोझिमो."

"मला होता येत नाहीये!"

सासूबाईंनी टोमॅटो धुवायच्या टबात चादर बुडवली. भिजल्यावर ती इतकी जड झाली की मेनाला परत जाळीत ठेवून मला दोन कोपरे धरावे लागले.

"थांब, अजून कच्चा आहे," पापा म्हणाले, "उमटेल..."

"मघापासून तूच ओरडतोयस ना, टाका म्हणून?"

आणि आम्ही ती सोडली. पलंगावर घालतात तशीच. सासूबाईंनी कोपऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हाताने सारखी केली. कुंपणावर लेफ्तेरींनी डोक्यावरची टोपी काढली. मग ते खोक्यावरून उतरले, फाटकाने फिरून आमच्याकडे आले, आणि त्यांनी आणि डॅमियनने मिळून फळी लावून पापांना झाडापासून सोडवलं. सोडवताना लेफ्तेरी म्हणाले, "मासा एवढा जड नसतो." पापांनी ऐकून घेतलं. एरवी घेतलं नसतं.

मग आठवडाभर आम्ही चादरीला पाणी मारत होतो. मेना झोपली की मी झारी घेऊन बाहेर जायची. ती गाढ झोपली असली तर थोडा वेळ अंजिराखाली टेकायची. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या, बाहेर यायच्या नाहीत. एकदा मी आत आल्यावर कणीक मळता मळता म्हणाल्या, "इतकी वर्षं राखली. पलंग तीनदा बदलला. आणि शेवटी तिच्याखाली पहिल्यांदा झोपलं कोण, तर कोबा." आणि हसल्या. त्या हसल्या म्हणून मला रडू आलं, तर म्हणाल्या, "रडू नको ग, दूध आटेल."

शनिवारी चादर उचलली. करकर आवाज करत ती निघाली. एका बाजूच्या गोंड्यांत सिमेंट शिरून ते दगड झाले होते. डॅमियनने ती शेडच्या भिंतीला टेकवली तर हात सोडल्यावरही ती आपली आपण उभीच राहिली.

आणि कोब्यात सगळं उमटलं होतं. गुलाब, द्राक्षं, टाका न् टाका. केसासारखी एकही रेघ राहिली नव्हती, किंवा राहिली असेल तर पाकळ्यांत हरवली होती.

मला वाटलं, आता सगळे खूष होतील. पण पापा काठावर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

"डाग पडले," ते म्हणाले.

"पापा, किती सुंदर..."

"सुंदर कसलं! कोबा सपाट हवा. मांजर चालली तरी आम्ही पुन्हा करायचो. उद्या सगळे येणार, माझ्याबरोबर काम केलेली माणसं येणार. त्यांना काय दाखवू? हा खडबडीत कोबा?" ते आत गेले आणि फोन उचलला. "असुंताला सांगतो, तुझ्याकडेच करू. मी सोमवारी मशीन आणून हे घासून टाकतो."

सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. ज्या बाईने परवापर्यंत घर डोक्यावर घेतलं होतं ती बाई काहीच बोलत नाही म्हटल्यावर मी समजले, सॉस गेला. आतमध्ये मेना उठून रडायला लागली. मी तिला उचलायला गेले आणि परत येते तो दारात असुंताआत्या.

"फोन कशाला करतोयस, मी आलेच आहे," त्या म्हणाल्या. "रिकाम्या बाटल्या न्यायला आलेय. उद्या गर्दी नको." म्हणजे न विचारताच ठरलंसुद्धा होतं. हातात दोन खोके घेऊन त्या तरातरा मागच्या दाराने अंगणात उतरल्या, बाटल्या शेडमध्ये असतात म्हणून. आम्ही मागोमाग.

कोब्याच्या काठाशी त्या थांबल्या. खोके खाली ठेवले. मग एक हात माझ्या खांद्यावर ठेवून त्यांनी एक चप्पल काढली, दुसरी काढली आणि अनवाणी पाय गुलाबावर ठेवला.

"फिलोमेना," त्या म्हणाल्या, "ही तुझ्या आईची वीण."

"हो."

"गुलाबाच्या पोटात ती अशी गाठ घालायची. मला शिकवायची म्हणून तुमच्या ओट्यावर बसवायची, आणि मी दरवेळी गाठ चुकवायचे. सुई मारायची बोटांवर." त्या खाली वाकल्या आणि बोटाने ती गाठ चाचपली. "माझ्या रुखवतात काही नव्हतं, तुला माहितेय. मी तुझ्या आईला म्हटलं होतं, मलाही एक करून दे. म्हणाली, डोळे गेले ग पोरी आता."

सासूबाई दारातून हळूच बाहेर आल्या. दोघी नणंदा-भावजया खाली वाकून कोब्यातल्या गाठी मोजत होत्या आणि एकमेकींच्या चुका काढत होत्या. मग आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि भावाकडे वळल्या.

"कोझिमो, माझ्या अंगणात हे कधी करतोस?"

पापांच्या हातात अजून फोन होता. तो त्यांनी खिशात घातला.

"असुंता," ते खाकरून म्हणाले, "हे काम वेगळं आहे. याला वारा बघावा लागतो, ऊन बघावं लागतं. कोणालाही जमत नाही."

डॅमियनने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. सासूबाईंनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्याची किंमत पापा अजून फेडताहेत.

"आणि उद्याचं?" मी विचारलं. मलाच विचारावं लागलं.

"उद्याचं काय?" आत्या म्हणाल्या. "इथेच. फिलोमेनाच्या आईला ओलांडून मी माझ्या घरी सॉस करू?"

डॅमियन लगेच पिंप गडगडवत घेऊन आला. बिचारा, आठवडाभर याच क्षणासाठी राबला होता. "इथे मधोमध ठेवू ना?"

"नाही!" तिघेही एकदम ओरडले. शेडला टेकलेली चादर तेवढी गप्प राहिली.

पिंप गेलं पापांच्या भाजीच्या वाफ्यात, विटांवर. त्यासाठी पापांनी स्वतःच्या हाताने आपली वांगी उपटली. रविवारी सगळे आले आणि सासूबाईंनी प्रत्येकाला अंगणाच्या काठाशी अडवून चपला काढायला लावल्या. पापांबरोबर काम केलेली जाडजूड माणसं मोजे हातात घेऊन उभी. सगळे अनवाणी कोब्यावर गोल बसून टोमॅटो चिरत होते, आणि रसाचा थेंब पडला की सासूबाई फडकं घेऊन हजर.

"मला एक कळत नाही," लेफ्तेरी खोक्यावरून म्हणाले. "पिंप ठेवायला कोबा केलात ना? मग पिंप मातीत का?"

आत्या म्हणाल्या, "तुम्ही मासे तळा."

मेनाला मी खाली सोडलं. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टोमॅटोची साल खात रांगत गेली आणि सासूबाईंनी तिला उचलून मांडीवर घेतलं. गुडघे सोलले नव्हते. दोन्ही गुडघ्यांवर, गुबगुबीत मांसात, एकेक गुलाब उमटला होता. गाठीसकट.

सासूबाईंनी दोन्ही गुडघ्यांवरून अंगठा फिरवला. मग उठल्या आणि सगळ्यांना दाखवत फिरल्या. "हे माझ्या आईने विणलंय. हे बघा. माझ्या आईने." पण गुलाब फार वेळ टिकत नव्हते, तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत पुसट व्हायचे. उशिरा येणारे अजून बरेच होते. फाटक वाजलं की सासूबाई मेनाला परत कोब्यावर ठेवायच्या आणि मला म्हणायच्या, "रांगव ग तिला जरा. पाहुणे आलेत."